एचडीएफएस कमांड लाइनवरून चालवताना या चुका टाळा

एचडीएफएस ही हडूपची, अनेक मशीनवर मिळून डेटा साठवणारी फाइल सिस्टिम. ते फाइलचे मोठे तुकडे, म्हणजे ब्लॉक, करतं आणि प्रत्येक ब्लॉकच्या सहसा तीन प्रती ठेवतं, त्यामुळे एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचतो. चुकीची कमांड मात्र तिन्ही प्रती एकदम घालवते.

सगळ्यात घातक चूक आधी सांगतो. क्लस्टर (या मशीनचा समूह) रीस्टार्ट केला की नेमनोड, म्हणजे कुठल्या फाइलचे ब्लॉक कुठे आहेत याची नोंद ठेवणारा सर्व्हर, सेफ मोडमध्ये (फक्त वाचता येईल अशा स्थितीत) जातो. डेटानोड, म्हणजे प्रत्यक्ष ब्लॉक ठेवणारी मशीन, आपापले ब्लॉक कळवत राहतात आणि 99.9 टक्के ब्लॉकांचा हिशेब लागला की तो स्वतःच बाहेर येतो. तोवर काही लिहिता येत नाही, वरून जॉब अडलेले असतात, म्हणून कुणीतरी घाईने 'डीएफएसअ‍ॅडमिन -सेफमोड लीव्ह' चालवून त्याला जबरदस्तीने बाहेर काढतं. मग एफएससीके ही फाइल तपासणारी कमांड ब्लॉक गायब असल्याचं दाखवते आणि अहवाल स्वच्छ व्हावा म्हणून 'एफएससीके / -डिलीट' चालवून अशा फाइली पुसल्या जातात. ते ब्लॉक बहुतेक वेळा अजून न उठलेल्या मशीनवर शाबूत असतात! पण फाइलची नोंदच पुसली गेली, तर ती मशीन परत आल्यावर नेमनोडच्या लेखी ते ब्लॉक बेवारस ठरतात आणि तो ते पुसायला सांगतो. मग हळहळून उपयोग नाही. आधी 'डीएफएसअ‍ॅडमिन -रिपोर्ट'मध्ये किती डेटानोड मृत दिसतात ते बघा, ते उठवा आणि वाट पाहा.

पुसलेल्या फाइली काही काळ राखून ठेवणारा ट्रॅश आहे असं गृहीत धरू नका. मूळ हडूपमध्ये 'एफएस.ट्रॅश.इंटरव्हल' 0 असतं, म्हणजे ट्रॅश बंद. हा आकडा मिनिटांत असतो. एका दिवसासाठी 1440 लिहा. ट्रॅशला बगल देऊन थेट पुसणारं '-स्किपट्रॅश' तर सवयीने कधीच टाइप करू नये.

कोट्याचा, म्हणजे डिरेक्टरीला ठरवून दिलेल्या मर्यादेचा, एक प्रश्न नवख्यांना फार छळतो: 1 केबीची फाइलसुद्धा 'कोटा संपला' म्हणून अडते. जागेचा कोटा प्रतींसकट मोजला जातो आणि लिहिताना अख्खा ब्लॉक धरला जातो. 128 एमबीचा ब्लॉक आणि तीन प्रती, म्हणजे 384 एमबी शिल्लक हवेत. फाइल पूर्ण झाली की वापर खऱ्या आकारावर येतो. 'काउंट -क्यू' लावून शिल्लक बघा.

फाइलींची यादी दाखवणारं 'एलएस' नुसतं, पाथ न देता, दिल्यावर 'नो सच फाइल' आलं, तर बहुतेक तुमची 'यूजर'खालची होम डिरेक्टरी बनलेलीच नसते. अ‍ॅडमिनकडून ती करून घ्या.