लोखंडाच्या डागांवर सायट्रिक आम्ल : घरी आणि कारखान्यात कसे वापरावे

गोव्यात जांभ्याच्या जमिनीतील विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यात पुष्कळ ठिकाणी लोह असते, आणि न्हाणीघरातील टाइल्स, बादल्यांचे काठ व पांढरे कपडे यांवर त्याचे तांबूस डाग चढतात. अशा डागांवर ब्लीच मुळीच ओतू नये, कारण ब्लीच पाण्यात विरघळलेल्या लोहाचेही गंजात रूपांतर करते आणि डाग अधिकच पक्का होतो. येथे चिलेटक लागतो, म्हणजे धातूच्या आयनाला अनेक बाजूंनी धरून पाण्यात विरघळलेले ठेवणारे द्रव्य. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळणारे सायट्रिक आम्ल त्यांपैकी सर्वांत सुलभ असून जिवाणू त्याचे सहज विघटन करतात.

एक लिटर कोमट पाण्यात 30 ग्रॅम पूड विरघळवावी, त्यात भिजवलेले जुने फडके डागावर 20 मिनिटे ठेवावे आणि ते मध्येच सुकू देऊ नये. फडक्यात पिवळसर पाणी उतरू लागले की मऊ ब्रशने घासून जागा भरपूर पाण्याने धुवावी. पांढरे सुती कपडे याच द्रावणात अर्धा तास भिजवता येतात. कडप्पा, शहाबादी व संगमरवर यांवर मात्र ते सांडू देऊ नये. हे दगड चुन्याचे असल्याने आम्ल त्यांची झिलई खाते. ब्लीचमध्ये ते कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

धुण्याच्या पावडरीसारख्या अल्कधर्मी मिश्रणात सायट्रेटची (सायट्रिक आम्लाच्या क्षाररूपाची) पाण्यातील कॅल्शियमवरील पकड अपुरी पडते. तेथे अ‍ॅलनीनपासून बनणारे एमजीडीए किंवा ग्लुटामिक आम्लापासून बनणारे जीएलडीए हे विघटनशील चिलेटक अधिक योग्य ठरतात.

वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांना स्टेनलेस स्टीलच्या नव्या टाक्यांसाठीही हेच आम्ल वापरता येते. वेल्डिंग व घासकामानंतर पृष्ठभागावर उरलेले मोकळे लोह ते काढून टाकते आणि क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर नीट बसतो. एएसटीएम या मानक संस्थेच्या ए967 या मानकातील एका पद्धतीनुसार 4 ते 10 टक्के द्रावण, 21 ते 49 अंश सेल्सिअस तापमान आणि किमान 20 मिनिटे एवढे पुरते. या कामासाठी एरवी वापरल्या जाणाऱ्या नायट्रिक आम्लाच्या घातक वाफाही त्यामुळे टळतात.

चिलेटक विघटनशील असला तरी त्याने धरलेला धातू नाहीसा होत नाही. म्हणून कारखान्यात वापरलेले द्रावण गटारात न सोडता सांडपाणी प्रक्रिया केंद्रातच न्यावे; तेथे जिवाणूंनी सायट्रेट फोडल्यावर धातू चुन्याने साक्याच्या रूपात खाली बसवता येतो. ईडीटीए हा कृत्रिम चिलेटक मात्र सहज विघटित होत नसल्यामुळे धातूला पाण्यातच धरून ठेवतो.