डिस्चार्ज कार्ड हातात आलं की आधी काय वाचायचं

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होते, त्यातली बरीचशी मेल मेडिकल वॉर्डात गेली. निवृत्त झाले तरी गल्लीत कुणाला डिस्चार्ज मिळाला की संध्याकाळी फाईल घेऊन माणसं माझ्याकडे येतात. "सिस्टर, एवढं बघता का?" मी बघते. पण आता वाटतं, हे वाचणं प्रत्येक घरात एकाला तरी यायला हवं.

दिवाळीनंतर माझ्या दाजींच्या छातीत रात्री दुखायला लागलं म्हणून त्यांना ॲडमिट केलं. त्यांच्या पुतण्याने केस पेपरवरची 'एमआय' ही अक्षरं ओळखली. एमआय म्हणजे हार्ट अटॅक, हे त्याला माहीत होतं. सकाळपर्यंत गावभर बातमी गेली. मी पोचले तेव्हा ताई रडून रडून अर्धी झालेली. पेपर हातात घेतला, तर एमआयच्या आधी प्रश्नचिन्ह होतं.

ते प्रश्नचिन्ह म्हणजे डॉक्टरांची शंका. 'आर/ओ' लिहिलं असेल तर 'रूल आऊट', म्हणजे हा आजार नाही ना, याची खात्री करून घ्या. 'प्रोव्हिजनल' निदान म्हणजे दाखल करताना बांधलेला अंदाज, आणि 'फायनल' म्हणजे तपासण्यांनंतर ठरलेलं. काही डॉक्टर 'निदान' हा शब्द न लिहिता त्याऐवजी नुसता छोटा त्रिकोण काढतात. म्हणून कार्ड आलं की पेन्सिल घ्या आणि फायनल निदानाखाली रेघ मारा. दाजींच्या कार्डावर तिथे शेवटी 'एपीडी' आलं, ॲसिड पेप्टिक डिसीज. पित्ताचा त्रास.

आता त्यांचंच कार्ड वरून खाली वाचू. 'डीओए' ही दाखल झाल्याची तारीख, 'डीओडी' ही घरी सोडल्याची. दुसरी अक्षरं बघून ताई दचकली होती, कारण तिला 'डेथ' आठवलं. इथे डी म्हणजे डिस्चार्ज.

खाली होतं, 'के/सी/ओ एचटीएन × १० वर्षं'. के/सी/ओ म्हणजे हा आजार आधीपासून ठाऊक आहे. एचटीएन म्हणजे बीपी, डीएम म्हणजे मधुमेह. 'सी/ओ' म्हणजे पेशंटने स्वतः सांगितलेली तक्रार आणि 'एच/ओ' म्हणजे पूर्वी घडलेलं. 'नो एच/ओ' असेल तर तसं काही घडलेलं नाही. हा 'नो' घाईत सुटतो आणि अर्थ उलटा होतो. मुदत लिहिण्याचीही एक पद्धत आहे. ३/७ म्हणजे तीन दिवस, २/५२ म्हणजे दोन आठवडे, ३/१२ म्हणजे तीन महिने. आठवड्याचे दिवस ७, वर्षाचे आठवडे ५२ आणि महिने १२, हे लक्षात ठेवलं की पुरे. तारीख समजून बसू नका.

पुढचा भाग तपासणीचा. 'एसपीओटू ९८% ऑन आरए' यातलं एसपीओटू म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण आणि आरए म्हणजे रूम एअर. ऑक्सिजन न लावता, साध्या हवेत ९८. हाच आकडा ऑक्सिजन लावून आला असता तर त्याचा अर्थ वेगळा झाला असता, म्हणून आकड्याशेजारची अक्षरं सोडू नका. 'आरएस – एईबीई' म्हणजे दोन्ही फुप्फुसांत हवा सारखी जाते आहे. 'पी/ए – सॉफ्ट' म्हणजे पोट हाताला मऊ लागलं, आणि ते चांगलं. 'एनएडी' म्हणजे बिघाड आढळला नाही, 'डब्ल्यूएनएल' म्हणजे सगळं मर्यादेत. सोनोग्राफीत 'अनरिमार्केबल' दिसलं तर घाबरू नका, सांगण्यासारखं काही सापडलं नाही एवढंच ते म्हणतंय.

दाजींच्या कार्डावर 'ट्रोपोनिन निगेटिव्ह' होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात हे वाढतं. वाढायला काही तास लागतात, म्हणून त्यांचं रक्त दोनदा घेतलं होतं. दोन्ही वेळा निगेटिव्ह. ताईला हा शब्द ऐकूनच वाईट वाटलं. तपासणीच्या कागदावर निगेटिव्ह म्हणजे शोधलेली गोष्ट सापडली नाही, हे मी तिला तीनदा सांगितलं.

मग टू-डी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. 'ईएफ ६०%'. या एका ओळीने मी किती घरं हादरलेली पाहिली आहेत! हृदय साठच टक्के चालतं, चाळीस टक्के गेलं, असंच सगळे समजतात. हा परीक्षेतल्या मार्कांसारखा आकडा नाही. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर फेकलं जातं, ते प्रमाण म्हणजे ईएफ. धडधाकट हृदयसुद्धा सगळं रक्त फेकत नाही. साधारण ५० ते ७० हे नॉर्मल धरतात. दाजींचं हृदय उत्तम काम करत होतं.

रक्ताच्या रिपोर्टात आकड्यापुढे तारा किंवा ठळक अक्षर दिसलं की लगेच आजार समजू नका. त्याच ओळीत लॅबची मर्यादा छापलेली असते, आकडा तिच्या किती बाहेर आहे ते बघा आणि डॉक्टरांना विचारा. एचबीएवनसी मात्र प्रत्येक मधुमेह्याने ओळखायला हवं. ती एका दिवसाची साखर नसते, मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी असते. आदल्या दिवशी उपास करून ती खाली येत नाही.

'हायपो' आणि 'हायपर' यांत गल्लत झाली तर जिवावर बेतू शकतं. आमच्या मागच्या आळीतल्या एका आजींच्या कार्डावर 'हायपोग्लायसेमिया' होतं, म्हणजे साखर खाली गेली होती. मुलाला वाटलं साखर वाढली. त्याने घरी आणल्यावर आईचं जेवण कमी केलं आणि गोळी चालूच ठेवली. दुसऱ्या रात्री आजी घामाने भिजून बरळायला लागल्या, तेव्हा तो माझ्याकडे धावत आला. मी साखरेचं पाणी पाजलं, कारण त्या गिळू शकत होत्या, आणि रिक्षाने परत दवाखान्यात नेलं. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. साखर असो, थायरॉईड असो, बीपी असो, नियम हाच.

कार्डाचा खालचा भाग औषधांचा, आणि घरी गेल्यावर चुका होतात त्या इथेच. 'ओडी' दिवसातून एकदा, 'बीडी' दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एचएस' झोपताना. पण डोळ्यांच्या दवाखान्यातल्या कागदावर 'ओडी' म्हणजे उजवा डोळा आणि 'ओएस' म्हणजे डावा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या घरांनी हे आवर्जून विचारून घ्यावं. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. 'ए/सी' जेवणाआधी, 'पी/सी' जेवणानंतर.

'एसओएस' वाचून काहींना जहाज बुडतंय असं वाटतं, तर काही जण ती गोळी रोज तीन वेळा घेतात. अर्थ एवढाच की गरज पडली तरच. पण गरज कधी समजायची, दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर ठेवायचं आणि दिवसात जास्तीत जास्त किती, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.

आणि '× ५ दिवस'. ही खूण कोणत्या औषधापुढे आहे ते नीट बघा. अँटिबायोटिकपुढे असेल तर मधेच बरं वाटलं तरी पाचही दिवस पुरे करायचे. बीपीच्या गोळीपुढे '× १५ दिवस' असेल तर बहुतेक वेळा पुढच्या तपासणीपर्यंतचा तो साठा असतो. पंधराव्या दिवशी गोळी बंद करून महिन्याने पॅरालिसिस होऊन आलेला माणूस मी वॉर्डात पाहिलाय. त्याची बायको तेच कार्ड दाखवून मला म्हणाली, "सिस्टर, इथे पंधराच लिहिलंय." तिची चूक नव्हती. तिला कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर नुसतं कार्ड नेऊ नका, आतले कागदही मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ते ७२ तासांत द्यावं लागतं. अर्ज लेखी करा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

दाजींची फाईल आता ताईच सांभाळते. नवा कागद वर, जुना खाली, आणि सगळ्यात वर एक वहीचं पान, ज्यावर चालू औषधांची नावं, वेळा आणि कोणत्या औषधाने अंगावर पुरळ येतं ते तिने मराठीत लिहून ठेवलंय. परवा तिचा फोन आला. शेजारणीच्या कार्डावर प्रश्नचिन्ह होतं, ते तिनेच आधी दाखवून दिलं होतं.