ओटा फोडण्याआधी

स्वयंपाकघर नव्याने करायचं तर हातोडा उचलण्याआधी भिंत कशाची आहे ते बघून घ्या, बाकी यादी त्यावरच ठरते. नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यात भिंत माती-विटांची आणि लाकडी खांबांची असेल, तर पाइपसाठी साधी झिरी काढतानाही माती ढासळत जाते. सिडकोत मूळ घरावर नंतर मजला चढवला असेल, तर खालची वीटभिंत वरचं ओझं पेलत असू शकते. नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीच्या भिंती असतील तर त्या अखंड काँक्रीटच्या, म्हणजे इमारत त्यांच्यावरच उभी. अशा ठिकाणी भिंत पाडणं, खिडकी वाढवणं, खोल झिरी मारणं यातलं काहीही करायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गवंडी ‘काही होत नाही’ म्हणाला, एवढ्यावर कृपया विसंबू नका.

काम जून ते सप्टेंबरमध्ये काढू नका. प्लास्टर नीट वाळत नाही आणि ओलीवर मारलेल्या रंगाला पोपडे येतात. सोसायटीची लेखी परवानगी घ्या, राडारोड्याच्या गोण्या कुठे जाणार ते गाडीवाल्याशी आधीच ठरवा. नाल्यात किंवा गोदाकाठी त्या जाता कामा नयेत. बाल्कनीत इंडक्शन, मिक्सर आणि एक नळ अशी सोय तीन-चार आठवड्यांसाठी लावा.

मग मापं. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिच्या कोपरापासून 4 ते 6 इंच खाली ओटा हवा. बहुतेक घरांत तो 32 ते 34 इंचांवर येतो, आणि कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत 24 इंच. ही उंची नव्या फरशीवरून मोजा. जुन्या फरशीवरच नवी बसवली की जमीन इंचभर वर येते, ओटा तेवढा बुटका होतो आणि दारही घासायला लागतं. 10 फुटी ओटा, दोन्ही बाजूंना 2-2 फूट आणि 2 फूट उंचीचा डॅडो, म्हणजे ओट्यावरच्या भिंतीचा टाइल्सचा पट्टा, धरला तर 28 चौरस फूट होतात. 12 बाय 18 इंचाची टाइल दीड चौरस फुटाची, म्हणजे 19 टाइल्स. तुटफूट आणि पुढची दुरुस्ती धरून 24 घ्या. सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच असू द्या, नाहीतर रंगछटा वेगळी येते.

भिंतीच्या आत जाणारं सगळं काम जाणकारांकडे द्या. गिझरच्या पाण्याला सीपीव्हीसी पाइपच हवा, साधा यूपीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो. झिऱ्या बुजवण्याआधी प्लंबरकडून प्रेशर टेस्ट, म्हणजे पाइपात दाबाने पाणी भरून गळतीची तपासणी, करून घ्या. टाइल लागल्यावर सापडलेली गळती म्हणजे पुन्हा फोडाफोडी. सिंकच्या पाइपला फुटामागे पाव इंच उतार नसेल तर तेलकट गाळ साचून तुंबतो. 2000 वॉटचं इंडक्शन आणि 1400 वॉटचा मायक्रोवेव्ह एकाच तारेवर एकदम चालले तर 15 अँपिअरच्या आसपास ओढतात, तिथेच किटली लावली की तार तापते. म्हणून परवानाधारक वायरमनकडून दोघांना स्वतंत्र तारा आणि एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), शिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा, पुढे ड्रिल मारताना याच फोटोंचा आधार असतो.

पाइप गॅस असेल तर मीटर किंवा पाइप हलवायला गॅस कंपनीचीच माणसं बोलवा. सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर कपाटाच्या तळाशी जाळी हवीच: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो.

तुमच्या हाताने होण्यासारखंही पुष्कळ आहे. जुन्या ट्रॉल्या आणि बिजागऱ्या काढणं, भिंती घासून रंगवणं, अँगल कॉक (नळाआधीची भिंतीतली तोटी) बंद करून नळ बदलणं, सिंकच्या कडेला सिलिकॉन भरणं. सांधा पूर्ण कोरडा करून भरा आणि 24 तास पाणी लागू देऊ नका. सिंकखालच्या कपाटाचं प्लायवुड आयएस 710 शिक्क्याचंच, म्हणजे पाण्यात टिकणारं, घ्या आणि कापलेल्या कडा बंद करा, कारण पाणी तिथूनच शिरतं.

ग्रॅनाइट स्वतः कापू नका. कारागिरालाही सांगा, सिंकच्या खाचेचे कोपरे काटकोनी नको, गोलसर ठेव. तडा बहुतेकदा त्या टोकदार कोपऱ्यातूनच सुरू होतो.