दुबईला पायलटच्या इंटरव्ह्यूला येताय? आधी लॉगबुक उघडा

दर दोन-तीन महिन्यांनी आपल्याकडचा कुणीतरी मुलगा नाहीतर मुलगी इथे येऊन उतरते, इंटरव्ह्यू चार दिवसांवर आलेला असतो आणि पहिला फोन येतो, "ताई, काय काय विचारतात?" मी उलट विचारते, लॉगबुकची, म्हणजे उडवलेल्या तासांच्या नोंदवहीची, बेरीज जुळवलीस का, की पलीकडे शांतता. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

लॉगबुकचं एवढं का सांगते तर मी स्वतः त्यात पडलेय. माझा पहिला इंटरव्ह्यू होता, कंपनीचं नाव नको. फॉर्म भरताना टोटल फ्लाइंगमध्ये मी सिम्युलेटरचे ४२ तास धरले होते, कारण आमच्या बॅचमध्ये बरेच जण तसंच लिहायचे. समोरच्या कॅप्टननी लॉगबुकचं शेवटचं पान काढलं, बेरजेखाली बोट ठेवलं, दुसऱ्या हाताने माझा फॉर्म शेजारी सरकवला आणि एवढंच विचारलं, "हे ४२ कुठून आले?" मी खरं काय ते सांगितलं, पण मग त्यांनी आणखी दोन साधे प्रश्न विचारले, लॉगबुक मिटलं आणि संपलं. परत अर्ज एक वर्षानंतर. त्या वर्षात माझं इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता उपकरणांवर उडवायची परवानगी) संपलं, त्याचं रिन्यूअल स्वतःच्या खिशातून, आणि माझ्यासोबत आलेली मुलगी त्याच बॅचमध्ये लागली, आज ती माझ्याहून सीनियर आहे.

तर पहिल्या पानापासून कॅल्क्युलेटर घेऊन बसा. पी-वन (स्वतः कमांडमध्ये असतानाचे तास) वेगळे, पी-वन अंडर सुपरव्हिजन (कॅप्टनच्या देखरेखीखाली कमांड केलेले) वेगळे, को-पायलटचे वेगळे, सिम्युलेटर तर पूर्णच वेगळे. फॉर्ममध्ये ब्लॉक टाइम (विमान हलल्यापासून थांबेपर्यंत) मागितलाय का एअरबोर्न (फक्त हवेतला) ते नीट वाचा. चूक सापडली तर व्हाइटनर लावायचा नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. तुमचे तास कमी असतील तर कमीच सांगा, ते चालतं. न जुळणारे आकडे चालत नाहीत, कारण जो तासांबद्दल खोटं लिहितो तो टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) पण लिहील असं ते धरून चालतात, आणि मला ते पटतं.

दुसरी गोष्ट, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे 'लेटेस्ट क्वेश्चन्स'. आपले लोक यावर फार विसंबतात, आणि उत्तरंसुद्धा एकमेकांची घेतात. "कॅप्टनशी मतभेद झाला तेव्हा काय केलंस" याला प्रत्येकाची गोष्ट तीच, अप्रोच अनस्टेबल होता (उतरताना वेग-उंची नीट बसली नव्हती), मी गो-अराउंड (न उतरता परत वर जाऊ) म्हणालो, कॅप्टननी नंतर शाबासकी दिली. एका सकाळी तीच गोष्ट तीन जणांकडून ऐकली तर समोरच्याला कळणार नाही का? तुमच्या फ्लाइंग स्कूलमधली साधी गोष्ट सांगा, इंधन मोजताना इन्स्ट्रक्टरशी आकडा जुळला नाही म्हणून परत डिप करायला (टाकीत पट्टी घालून मोजायला) लावलं, एवढी पण चालते, पण ती घडलेली असली पाहिजे, कारण पुढचे चार प्रश्न त्याच्या आतले असतात. तेव्हा वारा किती होता, तू नेमके काय शब्द वापरलेस, तो काय म्हणाला.

आणि आपल्या मराठी मुलांचं एक खास, "आम्ही केलं", "आमचं ठरलं". घरी शिकवलेलं असतं मी-मी करू नये. इथे कॅप्टन मध्येच थांबवून विचारतात, तू काय केलंस? त्यामुळे घरी मोठ्याने बोलून सराव करा, 'मी' म्हणायची सवय लावा.

टेक्निकलला पुस्तक पाठ असतं सगळ्यांचं, पण इथल्या हवेला लावून विचारलं की गडबडतात. समुद्रसपाटीला स्टँडर्ड तापमान १५ अंश, इथे जुलैत दुपारी ४५, म्हणजे आयएसए (स्टँडर्ड हवा) प्लस ३०. अंशाला साधारण १२० फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड (विमानाला हवा जितक्या उंचीवरची वाटते ती उंची) ३,६०० फुटांच्या आसपास जाते, रनवे समुद्राकाठी असूनही. मग टेकऑफ रोल वाढतो, इंजिनाचा थ्रस्ट त्या तापमानात कमी मिळतो, एक इंजिन गेल्यावर दोन इंजिनांच्या विमानाला सेकंड सेगमेंटमध्ये (चाकं आत घेतल्यानंतरच्या चढाईत) २.४ टक्के ग्रेडियंट (चढ) लागतो तो मिळेना झाला की वजन उतरवायचं. ही साखळी कागदावर न बघता सांगता आली पाहिजे. हिवाळ्यात सकाळचं धुकं असतं, तेव्हा आरव्हीआर (रनवेवर किती लांबपर्यंत दिसतं ते) आणि ऑल्टरनेटचे (पर्यायी विमानतळाचे) नियम पण बघून ठेवा.

सीआरएमवर (कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलून काम करायचं त्यावर) टेनेरिफ निघतंच, तिथे रनवेवर दोन विमानं धडकली होती. २७ मार्च १९७७, ५८३ माणसं गेली, हे सगळे सांगतात. पण समोरच्याला आकड्यांशी घेणंदेणं नसतं. फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की ते दुसरं विमान रनवेवरून बाहेर पडलंय ना, आणि त्याचं ऐकलं गेलं नाही. तुम्ही त्या सीटवर असता तर दुसऱ्यांदा कोणत्या शब्दांत बोलला असता? याचं उत्तर तयार ठेवा.

कागदपत्रांना वेळ लागतो, लायसन्सची खात्री इथलं जीसीएए (यूएईचं विमान वाहतूक प्राधिकरण) आपल्या डीजीसीएकडून (भारतातल्या तशाच खात्याकडून) करून घेतं, म्हणून डीजीसीएच्या पोर्टलवरची माहिती आधीच बरोबर करून ठेवा. ऑनलाइन टेस्टची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे का इथली ते बघा, आपल्यात आणि इथे दीड तासाचा फरक आहे. कोडीन असलेलं कफ सिरप परवानगीशिवाय बॅगेत टाकून आणू नका. ओळख शोधत फिरू नका, माझ्या पाहण्यात ओळखीने कुणाचं काम झालेलं नाही, आणि मला हा देश आवडतो त्याचं हे एक मोठं कारण आहे.

सिममध्ये, म्हणजे सिम्युलेटरच्या परीक्षेत, पार्टनर बहुतेक दुसऱ्याच देशाचा मिळतो. बाहेर बसल्या बसल्या त्याच्याशी दहा मिनिटं बोलून घ्या, कोण काय कॉलआउट (मोठ्याने म्हणायची सूचना) देणार ते ठरवा. आत गेल्यावर पिच (विमानाचं नाक किती वर) आणि पॉवरचे आकडे विचारून लिहून घ्या, विचारलं म्हणून कुणी मार्क कापत नाही. उंचीच्या हजार फुटांना तिनाने गुणून नॉटिकल मैलांत उतरायचं अंतर, आणि तीन अंशाच्या ग्लाइडला (उतरायच्या उताराला) खाली यायचा वेग ग्राउंड स्पीड गुणिले पाच, म्हणजे १४० नॉट्सला ७०० फूट प्रति मिनिट, हे दोन हिशोब झोपेत यायला हवेत. तुम्ही मॉनिटरिंग करत असाल (पार्टनर उडवतोय, तुम्ही नजर ठेवताय) तेव्हा पण तुमच्याकडे तितकंच लक्ष असतं. पार्टनरचा स्पीड दहा नॉट्सने घसरला आणि तुम्ही त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलात, तर तो नापास होतो तसे तुम्हीपण होता. "स्पीड" एवढा एकच शब्द, पण लगेच आणि मोठ्याने.