अण्णांच्या नावाचं बिल आणि छतावरचं सोलर

छतावर ३ किलोवॅटचे पॅनेल बसवायचे ठरवलं, पण अर्ज पहिल्याच पायरीवर अडला. वीजबिल अजून अण्णांच्या नावावर, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली! अनुदानासाठी द्यायचं बँक खातं मात्र माझं, नावं जुळेनात. इन्स्टॉलर म्हणाला, "दादा, नंतर बघू." मी ऐकलं नाही. वारसाची कागदपत्रं देऊन आधी बिलावर माझं नाव लावून घेतलं, मगच पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरील सोलर अनुदान योजनेच्या पोर्टलवर नव्याने अर्ज केला.

पुढचा खोडा मंजूर भाराचा, म्हणजे वीज कंपनीने जोडणीला मंजूर केलेल्या किलोवॅटचा. आमचा भार १ किलोवॅट, पॅनेल ३ चे. काउंटरवर सांगितलं, भारवाढीचा वेगळा अर्ज करा. वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीची प्रत मी सोबत नेली होती: छतावरच्या सोलरचा १० किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर समजायचा आणि लागेल तेवढी भारवाढ वीज कंपनीनेच करायची. साहेबांनी दोनदा वाचली, चष्मा पुसला, अर्ज पुढे सरकवला.

नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) लागला आणि ७८,००० चं अनुदान खात्यात आलं. गच्चीवर पापड वाळवायला जागा उरली नाही, ही आईची तक्रार तेवढी बाकी आहे.