तरुण तारकागुच्छातले रूपविकारी तारे: माझे पहिले दोन हिवाळे

एमएस्सीला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली की दरवर्षी ज्युनियर पोरापोरींचे मेसेज येतात, ताई मला रूपविकारी ताऱ्यांवर, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. मी मूळची सोलापूरची, फिजिक्सवाली, आणि माझी सुरुवात झाली ती सारथी तारकासमूहातल्या एनजीसी १८९३ या गुच्छावर, त्यामुळे उदाहरणं सगळी तिथलीच येतील.

हिवाळ्यात डोक्यावर ब्रह्महृदय दिसतो ना पिवळट, तोच सारथीचा भाग. त्यातले एम ३६, एम ३७ आणि एम ३८ हे तीन गुच्छ हौशी मंडळी बायनॉक्युलरने बघतात. एनजीसी १८९३ त्यांच्या मानाने दुर्लक्षित आहे, कारण तो खूप लांब आहे, साधारण दहा-बारा हजार प्रकाशवर्षं, आणि आयसी ४१० नावाच्या तेजोमेघात बसलाय. त्या तेजोमेघाच्या फोटोत बेडकाच्या पिल्लांसारखे दोन आकार दिसतात, सिमेइस १२९ आणि १३०, त्यांची डोकी गुच्छातल्या तापलेल्या ओ प्रकारच्या ताऱ्यांकडे आणि शेपट्या उलट्या बाजूला, म्हणजे त्या ताऱ्यांच्या किरणांनी आणि वाऱ्याने वायू अक्षरशः मागे ढकललाय. गुच्छाचं वय काही दशलक्ष वर्षं, आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा, त्यामुळे तिथले सूर्याएवढे तारे अजून नीट तारे झालेलेच नाहीत. त्यांच्या केंद्रात हायड्रोजन जळायला लागायचाय, ते आकुंचन पावत पावत तापतायत.

अशा ताऱ्यांना टी टॉरी म्हणतात आणि तरुण गुच्छ निवडायचं खरं कारण हेच. त्यांच्या दोन तऱ्हा आहेत. काहींच्या भोवती अजून धूळ-वायूची चकती असते, त्यातलं द्रव्य चुंबकीय क्षेत्राच्या रेषांवरून घरंगळत पृष्ठभागावर आदळतं, आदळेल तिथे तापलेला डाग पडतो, आणि ताऱ्याचं तेज कसंही, कधीकधी एक प्रत किंवा जास्तही (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तेवढा तारा मंद), वरखाली होतं. दुसऱ्यांची चकती संपत आलेली असते, त्यांच्यावर सौरडागांसारखे पण कितीतरी मोठे थंड डाग असतात, तारा फिरला की डाग समोर येतो आणि जातो, म्हणून तेजात नियमित चढउतार दिसतो. म्हणजे नुसतं तेज मोजून तुम्हाला ताऱ्याची गिरकी किती दिवसांची ते कळतं, आणि चकती असलेले तारे सावकाश फिरतात का, चकती त्यांना धरून ठेवते का, हा मोठा प्रश्न त्यातून सोडवायला घेता येतो. त्याच फ्रेममध्ये, म्हणजे फोटोमध्ये, जड बी प्रकारच्या ताऱ्यांची काही तासांची धडधड सापडते, पिधानकारी, म्हणजे आळीपाळीने एकमेकांना झाकणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या सापडतात. सगळ्यांचं वय आणि अंतर जवळपास सारखं, ही केवढी मोठी सोय आहे हे सुटे तारे घेऊन काम करणाऱ्याला विचारा.

आता मुद्द्याचं. नवीन माणसाला वाटतं की बदलणारा तारा ओळखणं म्हणजे काम. मी सांगते, आधी न बदलणारा तारा ओळखायला शिका. आमचा सगळा धंदा तुलनेवर चालतो, वातावरण दर मिनिटाला बदलत असतं, पातळ ढग येतो, तारा पश्चिमेला कलला की जास्त हवेतून बघावं लागतं, म्हणून तुमच्या ताऱ्याचं तेज नेहमी शेजारच्या ताऱ्याशी ताडून बघायचं. तो शेजारीच चंचल निघाला तर?

माझ्या बाबतीत तेच झालं. पहिल्या हिवाळ्यात पाच रात्रींचा डेटा हातात आला, मी फ्रेममधला छान ठळक, एकटा उभा असलेला, तेराव्या प्रतीच्या आसपासचा तारा तुलनेला घेतला आणि रात्रभर बसून लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार तेज दाखवणारे वक्र, काढले. एकतीस तारे बदलताना दिसले! एका रात्रीत एकतीस, मला झोपच लागली नाही. सकाळी प्रिंट घेऊन गाइडसरांकडे गेले. सरांनी काही न बोलता त्यातले तीन कागद उचलले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेवर धरले. मागून ऊन येत होतं. तिन्ही वक्र एकमेकांवर तंतोतंत बसले, तोच उतार, तोच खड्डा, साधारण ०.०३ प्रतीचा. तीन वेगळे तारे एकाच मिनिटाला एकत्र मंद होत नाहीत, होत होता तो माझा तुलनेचा ताराच, आणि उलट्या बाजूने, तो उजळला की बाकी सगळे मंदावल्यासारखे दिसायचे. तो बी प्रकारचा निघाला. तरुण गुच्छात सगळ्यात ठळक तारे म्हणजे बहुतेक ओ आणि बी, आणि धडधडणारे तारे त्यांच्यातच जास्त, तेव्हा ठळक दिसला म्हणून भरवशाचा हे इथे उलटंच पडतं. त्या एकतीसपैकी शेवटी चार खरे उरले.

तेव्हापासून मी एका ताऱ्यावर कधीच विसंबत नाही. पंधरा-वीस तारे घ्यायचे, सगळ्यांची एकमेकांशी तुलना करायची, जो हलतो त्याला बाहेर काढायचं, परत करायचं. मग प्रत्येक ताऱ्याची प्रत एका अक्षावर आणि त्याच्या मोजमापातली विखुरण दुसऱ्या अक्षावर असा आलेख काढायचा. मंद ताऱ्यांची विखुरण वाढत जाते, ते साहजिक आहे, पण आपल्या प्रतीच्या बाकीच्यांपेक्षा जो खूप वर बसलाय तो संशयित. फक्त संशयित बरं का. त्याची फ्रेममधली जागा बघा, कडेला आहे का, कॅमेऱ्याच्या खराब कॉलमवर आहे का, शेजारी चिकटून दुसरा तारा आहे का. दोन शेजाऱ्यांचा काळ (चढउताराच्या एका फेरीला लागणारा वेळ) एकच आला तर बहुतेक वेळा एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या मोजमापात सांडलेला असतो. गर्दीच्या गुच्छात म्हणूनच पीएसएफ फोटोमेट्री, म्हणजे ताऱ्याच्या प्रतिमेचा आकार बसवून चिकटलेल्या ताऱ्यांचं तेज वेगळं करायची पद्धत, शिकावी लागते, साध्या गोल छिद्राच्या मोजणीने भागत नाही.

निरीक्षणाबद्दल थोडं. आमचा बराचसा डेटा नैनितालच्या मनोरा पीकवरच्या १०४ सेंटीमीटरच्या संपूर्णानंद दुर्बिणीचा, ती १९७२ पासून चालू आहे. काठगोदामपर्यंत ट्रेन, पुढे घाट, आणि वर साधारण १९५० मीटरवर डिसेंबरची रात्र. डोममध्ये हीटर लावत नाहीत कारण गरम हवा वर गेली की ताऱ्याची प्रतिमा थरथरते, त्यामुळे मी घरून नेलेली सोलापुरी चादर स्वेटरवरून गुंडाळून कंट्रोल रूम आणि डोम अशा फेऱ्या मारायचे. डिसेंबरच्या मध्यावर हा गुच्छ मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणजे हवा सगळ्यात कमी, रात्र सगळ्यात लांब, याहून चांगला मुहूर्त नाही. पावसाळ्यात तिकडेही निरीक्षण बंदच असतं.

संधिप्रकाशात फ्लॅट, म्हणजे कॅमेऱ्याचे आणि काचेचे डाग पुढे काढून टाकता यावेत म्हणून एकसारख्या उजळ आकाशाचे फोटो, घ्यायचे, आकाश फार उजळ नको आणि तारे दिसायला लागायच्या आत, हातात मिनिटं मोजकीच. नवीन मुलं इथे कंटाळा करतात. करू नका, फ्लॅट चुकले तर पुढची दहा तासांची रात्र वाया जाते, काचेवरच्या धुळीचा ठिपका पण तुम्हाला रूपविकारी तारा वाटू शकतो. आणि वेळ वैश्विक (ग्रीनिचच्या) वेळेतच लिहा. ज्युलियन दिनांक, म्हणजे आमची दिवस सलग मोजायची पद्धत, दुपारी बारा वाजता बदलतो, वैश्विक वेळेप्रमाणे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला, त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच दिनांकात येते. हवाईमध्ये तोच रात्री दोनला बदलतो, तिकडचा डेटा जोडताना मुलांची फाइल हमखास एका दिवसाने सरकते. सूर्याभोवती पृथ्वी फिरते म्हणून प्रकाश आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो, तीही दुरुस्ती करायची.

आता काळ शोधणं. तुटक मोजमापांतून काळ शोधणारी लोम्ब-स्कार्गल पद्धत पायथनमध्ये चार ओळीत चालते, आणि म्हणूनच धोक्याची आहे. आपण फक्त रात्री बघतो, दर २४ तासांनी खिडकी उघडते आणि मिटते, त्यामुळे खऱ्या वारंवारतेच्या आजूबाजूला दिवसाला एका फेऱ्याने कमी आणि एकाने जास्त अशी खोटी शिखरं उभी राहतात. माझ्या यादीत २१७ नंबरचा तारा होता, टी टॉरी, त्याला पहिल्यांदा १.३९ दिवस आले, मग दोन रात्री वाढवल्या तर ०.७८, आणि सगळा सीझन घेतला तेव्हा ३.५७. तिन्ही एकाच गोष्टीची रूपं, दिवसाला ०.२८ फेरे, एकातून वजा केले की ०.७२, मिळवले की १.२८. पाच सलग रात्रींवर विश्वास ठेवून मी १.३९ लिहून मोकळी झाले असते तर तारा उगाचच अडीच पट वेगाने फिरवला असता. म्हणून रात्री पसरून मागा, काही सलग आणि काही आठवडे सोडून. बरोबर एक दिवस किंवा अर्धा दिवस काळ आला तर तो तारा बाजूला ठेवा, तो बहुतेक पृथ्वीचाच काळ असतो.

मग सदस्यत्व. फ्रेममधला प्रत्येक तारा गुच्छातला नसतो, आपल्या आणि गुच्छाच्या मध्ये आकाशगंगेचे कितीतरी तारे उभे आहेत. गाया या युरोपच्या उपग्रहाचा तिसरा डेटा २०२२ मध्ये आल्यापासून हे काम फार सोपं झालंय, ताऱ्याची स्वगती (आकाशातलं सरकणं) आणि पराशय (ज्यावरून अंतर कळतं तो कोन) बघायचा, पण इतक्या लांबच्या गुच्छाचा पराशय जेमतेम ०.३ मिलीआर्कसेकंद, आणि मंद ताऱ्यांसाठी गायाची चूकच तेवढी किंवा जास्त असते. सूर्य तिकडे नेऊन ठेवला तर धुळीतून तो साधारण एकोणिसाव्या प्रतीचा दिसेल, म्हणजे आपल्याला हवे तेच तारे कुंपणावर. तिथे टू मास या सर्वेक्षणातले इन्फ्रारेड रंग, चकतीची खूण, रंग-प्रत आलेखातली जागा असं सगळं जुळवून ठरवावं लागतं. माझ्या चारपैकी एक पिधानकारी जोडी होती, काय सुंदर वक्र होता तिचा, ती निघाली मधल्याच कुठल्यातरी अंतरावरची. तिला गुच्छाच्या तक्त्यातून काढताना वाईट वाटलं, पण वेगळ्या तक्त्यात ती आहे.

दुर्बीण मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. पालोमार वेधशाळेच्या झेडटीएफ या आकाश-सर्वेक्षणाचा २०१८ पासूनचा डेटा खुला आहे, साडेविसाव्या प्रतीपर्यंत जातो, त्यावर आजपासून काम सुरू होऊ शकतं. नासाच्या टेस उपग्रहाचा डेटा सलग मिळतो, रोजच्या खिडकीची भानगड नाही, पण त्याचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा, गुच्छाच्या मध्यात एका पिक्सेलमध्ये अनेक तारे कोंबले जातात, तेव्हा जपून. काही सापडलं तर आधी एएव्हीएसओच्या (रूपविकारी तारे बघणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेच्या) सूचीत बघा, कुणीतरी नोंदवलेलं असू शकतं. सुट्टीत पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेचा व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्राम आहे, त्याला अर्ज कराच. पीएचडीसाठी जेस्ट, नेट, गेट यातली जमेल ती परीक्षा द्या, पण मुलाखतीत मार्कांपेक्षा तुमच्या वक्रावर प्रश्न जास्त येतात, हा बिंदू इथे का आहे, हा खड्डा खरा कशावरून. मराठी माध्यमातून आलेल्यांनी घाबरू नका, मीही तिथूनच आले, उत्तर अडखळत दिलं तरी चालतं, फक्त तो बिंदू तुमच्या ओळखीचा हवा.

तो २१७ नंबरचा तारा मी पुढच्या डिसेंबरमध्ये परत बघितला. जुन्या ३.५७ दिवसांवरच नवा डेटा घडी घालून, म्हणजे प्रत्येक फेरी एकावर एक ठेवून, बसवला आणि तो बसला, काळ तोच. पण वक्राचा आकार बदलला होता, आधी एकच रुंद खड्डा होता, आता खड्डा उथळ आणि त्याच्या शेजारी दुसरा, लहानसा. वर्षभरात त्याच्यावरचे डाग सरकले होते.