संस्थानी नाण्यांच्या ऑनलाइन लिलावातली खोटी बोली: या चुका टाळा

सयाजीराव महाराजांच्या छबीचा चांदीचा रुपया लिलावात दिसला की बडोदेकराचा हात सैल सुटतो. विक्रेत्यालाही ते ठाऊक असतं. मग आपलीच माणसं बोलीला बसवून तो भाव चढवतो.

कमाल बोली चार दिवस आधी टाकणं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समजा भाव ७,५०० वर आहे, टप्पा (म्हणजे दर बोलीला होणारी किमान वाढ) २५० चा आहे आणि तुम्ही ऑटो बिडला १२,००० ची मर्यादा दिली. ऑटो बिड म्हणजे या मर्यादेपर्यंत साइटच तुमच्या वतीने लागेल तेवढी बोली वाढवते. विक्रेत्याचा माणूस १५,००० ची बोली लावतो. पडद्यावर १२,२५० दिसतात, म्हणजे तुमची मर्यादा १२,००० हे त्याला कळलं. 'आकडा चुकला' म्हणून तो बोली मागे घेतो आणि भाव पुन्हा ७,५०० वर येतो. थोड्या वेळाने दुसऱ्याच खात्यावरून ११,७५० येतात. तुमची बोली आपोआप १२,००० वर जाते. लिलाव तुम्ही जिंकता, पण पूर्ण खिसा रिकामा करून.

ठरलेल्या वेळी बंद होणाऱ्या लिलावात कमाल बोली शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत टाका. शेवटी बोली आली की वेळ वाढवणाऱ्या साइटवर ही युक्ती चालत नाही. तिथे आपला आकडा आधीच कागदावर लिहावा आणि तिथेच थांबावं.

बोलीचा इतिहास न उघडणं. ईबे या लिलावाच्या साइटवर बोलीदाराचं नाव झाकलेलं असतं, पण त्याचा ३० दिवसांचा गोषवारा दिसतो: किती बोली, किती मागे घेतल्या, याच विक्रेत्याकडे किती टक्के. सगळ्या बोली एकाच विक्रेत्याकडे, वरचेवर माघार आणि दर वेळी शेवटाआधी गप्प, हे तिन्ही जुळलं तर सावध व्हा. एकाच खुणेवरून मात्र कुणाला चोर ठरवू नका. फक्त संस्थानी नाणी विकणाऱ्याकडे नेहमीचं गिऱ्हाईक असणारच, आणि नवं खातं नवशिक्या संग्राहकाचंही असतं.

'जिंकणारा फिरला, तुमच्या बोलीला घेता का?' या विक्रेत्याच्या प्रश्नाला लगेच हो म्हणणं. फिरलेल्या माणसाच्या बोली इतिहासातून मनातल्या मनात खोडा. उरलेल्यांत तुमच्याखालचा जिथे थांबला, त्यावर एक टप्पा चढवा. तोच खरा भाव. तेवढाच देऊ करा. पैसे साइटबाहेर भरू नका.

व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या लिलावात तर इतिहास नावालाच. संदेश पुसले जातात. स्क्रीनशॉट घेत राहा.

ग्रुपवर जाहीर आरोप करणं. त्याने विक्रेता तुम्हाला ब्लॉक करतो, एवढंच. लॉट क्रमांक, बोलींच्या वेळा आणि स्क्रीनशॉट जोडून तक्रार साइटकडे करा. मालविक्री कायदा १९३०, कलम ६४ सांगतं की विक्रेत्याला राखीव किंमत (जिच्याखाली तो विकणार नाही) ठेवता येते, स्वतः बोली लावण्याचा हक्क आधी उघड जाहीर करून राखताही येतो. पण भाव वाढवायला विक्रेत्याने खोटी बोली वापरली, तर व्यवहार रद्द करायचा की नाही हे खरेदीदाराच्या हातात असतं. पैसे भरूनही नाणं आलंच नाही आणि विक्रेता गायब झाला, तर सायबर हेल्पलाइनचा क्रमांकही १९३०च आहे. फोन लगेच करा. पैसे दुसऱ्या खात्यात सरकले की ते अडवणं अवघड होतं.